एकट्या बाईची झील

माझे सगळ्यात जवळचे मित्र म्हणजे माझे चुलत सासरे, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतो. पण खरंच आहे ते. मित्र कोणाला म्हणायचं? ज्याच्यापुढे आपल्या आवडीची गोष्ट ठेवायला भीती वाटते आणि ठेवल्याशिवाय राहवतही नाही, त्याला. त्या हिशेबाने केदारखेड्यात मला कुंडलिकमामांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

मामा उंच, वाळलेले, पांढऱ्या पायजम्या-सदऱ्यातले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का आणि आवाज असा की हा एवढा आवाज या एवढ्याशा छातीत राहतो कुठे, असा प्रश्न पडावा. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांची एक कंपनी आहे, तिथे ते गोदामावर होते. गोदामाच्या या टोकाला मामा नुसते खाकरले तरी त्या टोकाचा हमाल "आलो मामा" म्हणायचा. मी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत, उगवण तपासणीला. माझं स्थळ त्यांनीच आणलं. सासूबाईंना त्यांनी माझं शिक्षण सांगितलं नाही, रंग सांगितला नाही. "वहिनी, पोरीत झील हे," एवढंच म्हणाले. आणि सासूबाईंना ते पुरलं.

झील म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. भजनात पुढचा एकजण ओळ म्हणतो आणि मागचे टाळकरी ती उचलून धरतात, ती झील. पुढच्याचा दम संपतो तिथे मागच्यांचा सुरू होतो. मामा गावच्या भजनात पुढे उभे राहायचे, तरुणपणापासून. पण त्यांच्या मते जग दोनच जातींचं होतं: झील धरणारे आणि न धरणारे. कोणाचा संसार मोडला की म्हणायचे, "एकटाच म्हणू राह्यला बिचारा, झीलच न्हाई." कोणाचा धंदा चालला की, "चालंल न्हाई तर काय, घरातून झील हे त्याला." स्वतःच्या घराबद्दल विचारलं की मामींकडे बघत हळूच सांगायचे, "आमच्याकडं मी अभंग काढतो, अन् मागून झीलच्या जागी दुसराच अभंग निघतो."

एकदा कंपनीत मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर आलेख दाखवले. तासभर बोलले. शेवटी मूठ आपटून म्हणाले, "हंगामाच्या आधी माल पोचलाच पाहिजे!" एवढ्यात मागच्या खुर्चीतून मामांनी खणखणीत आवाजात ओळ उचलली, "पोचलाच पाहिजे!" आणि सवयीने पाठीमागे उभ्या सगळ्या हमालांनी सुरात धरली, "पोचलाच पाहिजे!" आम्ही प्रयोगशाळेतल्या पोरी तोंडात रुमाल कोंबून बसलो. साहेब मात्र भारावले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, काय हे?" तर म्हणाले, "माणूस एवढा घसा फोडू राह्यला. रिकामी सोडायची का त्याची ओळ?"

मी गाडी घेतली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला. नवरा भोकरदनच्या बँकेत, म्हणजे उलट्या दिशेला. सुनेने एकटीने रोज जालन्यापर्यंत गाडी न्यायची? सासूबाईंनी तोडगा काढला: कुंडलिकभाऊजी सोबत जातील. झालं. लग्नाआधी माझ्याशी कँटीनमध्ये तोंड भरून बोलणारे मामा आता नात्याने सासरे झाले होते. पहिल्या दिवशी ते मागच्या सीटवर बसले. चपला काढून बाहेर ठेवल्या. गाडी सुरू झाल्यावर मला आरशात त्या रस्त्यावर दिसल्या, म्हणून परत मागे घेतली. त्यानंतर ते चपला काढून मांडीवरच्या पिशवीत घालायला लागले, पण पायात ठेवल्या नाहीत कधी. "गाडी बी लक्ष्मीच हे," म्हणायचे. त्या पिशवीत भाकरीचा डबा, ठेचा आणि रुमालात गुंडाळलेले टाळ कायम असत.

पहिले काही आठवडे ते माझ्याशी थेट बोललेच नाहीत. बोलायचे ते गाडीशी. "गाडीनं जरा हळू चालावं, पुढं खड्डा हे." "गाडीनं हॉर्न वाजवू नये, सुरात न्हाई तो." मीही गाडीच्या वतीने उत्तरं द्यायची. मागे साहेबासारखे मामा आणि पुढे मी, असं बघून एमआयडीसीच्या फाटकावरचा नवा वॉचमन त्यांना सलाम ठोकायला लागला. मामा तो सलाम अंगाला चिकटू न देता माझ्याकडे बोट दाखवायचे.

मग गाण्याचा तह झाला. जाताना माझं, येताना तुझं, असं त्यांनीच ठरवलं. आणि 'तुझं' म्हणताना चुकून थेट माझ्याशी बोलले. सकाळी त्यांची भजनं. परतीच्या वाटेवर माझी गाणी. माझी गाणी लागली की मामा खिडकीबाहेर बघत बसायचे, राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडायचे, आणि प्रत्येक गाणं संपलं की विचारायचे, "झालं?" त्यात राग नसायचा. दवाखान्यात सुई टोचून झाल्यावर माणूस विचारतो तसा तो प्रश्न असायचा.

सगळ्यात जास्त त्यांना सिनेमाच्या चालींचं वावडं. अभंगाला सिनेमाची चाल लावणं म्हणजे त्यांच्या लेखी देवाच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवणं. शेजारच्या गावात एकदा भजनाला गेलेले असताना एका तरुण बुवाने अभंग काढला आणि चाल निघाली सिनेमातली. लोक डोलायला लागले. मामांनी टाळ खाली ठेवले, शांतपणे उठले आणि मंदिराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसले. बुवा धावत आला, "मामा, काय झालं?" मामा म्हणाले, "काय न्हाई. चालू द्या तुमचं. मी चपला सांभाळतो." शेवटपर्यंत तिथेच बसले. ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होती आणि ती सांगताना मामांनाही थोडा अभिमान वाटायचा.

अशा माणसाला मी इलेक्ट्रो-पॉपचा अल्बम ऐकवायचं ठरवलं, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

तो अल्बम मी संभाजीनगरच्या हॉस्टेलवर असताना पहिल्यांदा ऐकला होता. कुठल्यातरी थंड देशातली एक बाई. सगळं संगीत संगणकावर केलेलं, चकचकीत, ठेक्याचं, आणि त्यावर तिचा बारीक, थोडा रडवेला आवाज. वाईट दिवसांत मला त्या गाण्यांनी फार सांभाळलं होतं. लग्नानंतर नवऱ्याला ऐकवला, तो दुसऱ्या गाण्याला म्हणाला, "डोकं उठलं." जाऊबाईंनी विचारलं, "मोबाईल बिघडला का?" मग मी तो कानात घालून एकटीच ऐकायला लागले. पण आवडीची गोष्ट एकटीने किती दिवस ऐकायची? आणि मामांचा एक गुण मला ठाऊक होता. आवडो न आवडो, ते कोणाचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचे.

"मामा," मी एका संध्याकाळी कंपनीच्या फाटकातच गाडी थांबवून म्हटलं, "आज एक पूर्ण अल्बम ऐकायचा. मधे बोलायचं नाही. मला फार आवडतो."

"किती अभंगांचा हे?"

"दहा गाणी."

"लाव."

पहिल्या गाण्याचा ठेका सुरू झाला आणि मागच्या स्पीकरने मामांची पाठ हादरवली. "थांब थांब," ते ओरडले. गाडी थांबवली. मामा उतरले, दार उघडलं आणि मुकाट्याने पुढच्या सीटवर येऊन बसले. चुलत सासरे आणि सून शेजारी-शेजारी, हे गावाने बघितलं असतं तर चर्चा झाली असती. मामा म्हणाले, "मागं ढोल लई आदळतो. बाईचं ऐकूच येत न्हाई." तेव्हापासून ते पुढेच बसले.

न बोलण्याचं वचन तिसऱ्या गाण्याला मोडलं.

"सूनबाई, हा पखवाज कोण वाजवून राह्यलं?"

"मशीन आहे ते, मामा."

"अन् पेटी?"

"तीपण मशीनच."

मामांनी थोडा विचार केला. "मंग बाई तरी खरी हे का?"

"बाई खरी आहे."

"काय म्हणती ती?"

गाणं प्रियकर सोडून गेल्याचं होतं. सासऱ्यांपुढे तेवढं कसं सांगणार? मी म्हटलं, "कोणाची तरी वाट बघतेय."

"बराबर. विनवणीचा अभंग हे म्हन." मग कान देऊन ऐकलं. चौथं गाणं लागलं होतं. तिच्या ओळीनंतर तीच ओळ मागून चार-पाच आवाजांत येत होती. मामा ताठ बसले. "ही झील कोण धरून राह्यलं?"

"तीच. आपलाच आवाज परत परत रेकॉर्ड करायचा आणि एकावर एक ठेवायचा."

राजूर येऊन गेलं, मामांचे हात जोडायचेही राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे कोणीच आलं न्हाई?"

"कुठे?"

"हिच्याकडं. झील धराया." त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "एवढी म्हणती, अन् गावात एक माणूस न्हाई? सोताच म्हणायचं, सोताच धरायचं?"

मी समजावलं की ही पद्धत आहे, तिला हवी तेवढी माणसं मिळतील, ती मोठी गायिका आहे, हजारो लोक तिला ऐकतात. मामांनी मान हलवली. "ऐकणारे येगळे अन् धरणारे येगळे," म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता मिटला. ती बाई एकटी होती.

दुसऱ्या दिवशी परतीला मी दुसरंच काही लावायला गेले तर म्हणाले, "काऊन? ती एकटी बाई लाव ना." त्यानंतर रोज तीच. आठवड्याभरात त्यांनी पिशवीतून टाळ काढले. तिची ओळ संपली की मामा टाळ वाजवून तोंडाने सूर धरायचे. शब्द कळत नसल्यामुळे नुसता 'आऽऽ' असा आकार लावायचे. अल्बमचं परीक्षणही झालं. पहिलं गाणं ठेका बसवून देतं, बरोबर आहे. चौथं म्हणजे गौळण. शेवटचं तर उघडउघड भैरवी. "हिनं क्रम पाळलाय, हिला कोणीतरी शिकवलंय." सहावं मात्र त्यांना बिलकुल पटलं नाही. "इथं हिला एवढी जल्दी कशाची झाली?" मला स्वतःलाही ते सहावं कधी आवडलं नव्हतं, म्हणून मी एकदा ते पुढे ढकललं, तर मामा रागावले. चुकलेला अभंगसुद्धा पुरा करायचा असतो, अर्ध्यात सोडायचा नसतो, असा तास मला राजूरपर्यंत मिळाला.

एमआयडीसीतून सुटलेले मोटारसायकलवाले आमच्या गाडीशेजारून जाताना वेग कमी करून बघायचे. आत ठेक्याचं विलायती गाणं आणि डोळे मिटून टाळ वाजवणारा बुक्का लावलेला म्हातारा. मला काय सुख व्हायचं ते कसं सांगू. माझ्या त्या गाण्यांना पहिल्यांदा कोणाची तरी सोबत मिळाली होती.

त्याच वर्षी काकड्याचा प्रश्न आला.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर आमच्या गावात पहाटे विठ्ठल मंदिरात काकडा होतो. अभंग म्हणत देवाला उठवायचं, आरती करायची. तो काकडा मामा चालवायचे. पण माणसं कमी होत गेली होती. आदल्या वर्षी शेवटी मामांच्या मागे दोनच म्हातारे उरले. एकाला दात नव्हते, त्याची झील नुसती हवा व्हायची. दुसऱ्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो नेहमी मागच्या अभंगाची झील या अभंगाला धरायचा. यंदा मंदिर समितीचे बबनराव एक पेनड्राईव्ह घेऊनच बैठकीला आले. त्यात नामांकित मंडळींचा काकडा भरलेला होता.

"मामा, आवाज एक नंबर हे," बबनराव म्हणाले. "पुजारी बटन दाबंल, सगळ्या गावाला भोंग्यावर ऐकू जाईल. तुमच्या जिवाला बी आराम."

"मशीननं काकडा लावला तर देव न्हाई उठायचा, बबन. तू तेवढा उठशील."

लोक हसले, पण बबनराव वाईट माणूस नव्हते आणि त्यांचं खोटंही नव्हतं. त्यांनी विचारलं, "मंग धरणार कोण, मामा? माणसं दाखवा." शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर झील उभी राहिली नाही तर काकडा पेनड्राईव्हवर.

मामा घरोघर फिरले. सगळे म्हणाले, "येतो ना मामा, येणार म्हंजे येणार." आणि पहाटे त्या दोघा म्हाताऱ्यांपलीकडे कोणी आलं नाही. रोज भोंग्यावरून मामांचा एकट्याचा आवाज यायचा, ओळ संपायची, आणि त्यानंतर जी रिकामी जागा राहायची ती गोधडीत पडल्या पडल्या मला ऐकवत नसे. मीसुद्धा पडूनच असायचे, हे खरं. सकाळी गाडीत त्यांची भजनं लावायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे सूनबाई. गाडी गप चालू दे." तह झाल्यापासून पहिल्यांदाच जाताना गाडीत काही लागलं नाही.

संध्याकाळी मी न विचारता त्यांची एकटी बाई लावली. चौथं गाणं आलं. त्याची चाल अगदी साधी, चार पावलं वर जाते आणि तिथूनच घरी परत येते. मामा टाळ न काढता नुसते ऐकत होते. "हिची झील सोपी हे बरं," म्हणाले. "एकदा ऐकली की धरता येती." मग काही वेळाने ते गुणगुणायला लागले. मला आधी कळलं नाही. नीट ऐकलं तर शब्द काकड्याच्या अभंगाचे होते आणि चाल तिची. शब्द त्या चालीत असे बसले होते की मी गाडीचा वेग कमी केला.

मामा एकदम थांबले. चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "म्या काय म्हन्लो आत्ता?"

"काही नाही, मामा."

"काहीतरी म्हन्लो." केदारखेडा जवळ आलं तेव्हा खालच्या आवाजात विचारलं, "सूनबाई, ही चाल सिनेमातली न्हाई ना?"

"नाही मामा. सिनेमातली बिलकुल नाही."

"नक्की?"

"गळ्याशपथ."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून अंगणात आले. सासूबाई सडा टाकत होत्या. भोंग्यावर मामांनी नेहमीचे अभंग म्हटले आणि मग जरा थांबून तो काढला. चार पावलं वर आणि परत घरी. थंड देशातली माझी ती बाई केदारखेड्याच्या भोंग्यावरून बोलत होती आणि मी हातात रांगोळी घेऊन तशीच उभी राहिले. दुसऱ्यांदा ओळ आली, संपली, आणि रिकाम्या जागेत आवाज आला. माझ्या शेजारूनच. आमच्या सासूबाई, ज्यांनी जन्मात कधी कोणाची री ओढली नाही, त्या बादलीतून पाणी शिंपडता शिंपडता झील धरत होत्या. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. पलीकडच्या अंगणातून जाऊबाईंनी धरली. गोठ्यात दूध काढणाऱ्या कोणीतरी धरली.

मंदिरात मामांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. आवाज होता गल्ल्यांत आणि त्यांच्या कानाशी भोंगा. आरती झाल्यावर ते बाहेर येऊन चपलांच्या जागेवर बसून राहिले, हे मला मामींकडून कळलं. गाडीत मी विचारलं तर म्हणाले, "त्या तरण्या बुवाला जे लावलं ते मला बी लागू हे. दुसऱ्याचा सदरा तो दुसऱ्याचाच."

"मामा, झील आली होती," मी सांगितलं. "अंगणाअंगणातून आली होती. तुमच्या वहिनींनी धरली."

"वहिनीनं?" मामा पहिल्यांदा हसले. "काहीबी सांगू राह्यली."

पण पुढच्या पहाटे त्यांनी ओळ म्हटली आणि भोंगा बंद केला. गाव गप्प होतं, आणि मग त्या थंडीत गल्लीगल्लीतून, सड्याच्या बादल्यांजवळून, गोठ्यांतून, चुलींपासून ती ओळ परत आली. कोणी वर, कोणी खाली, पण आली. मी त्या दिवशी सासूबाईंसोबत मंदिरात होते. मामा हात जोडून उभे होते, डोळ्यांना धार लागली होती आणि पुढची ओळ काढायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं.

ज्यांना आपल्या अंगणातून म्हणता येतं त्यांना मंदिरातूनही म्हणता येतं, हे हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. आधी बाया आल्या, मग त्यांच्या मागे नवरे. दिवाळीत तर पुण्या-मुंबईहून आलेले लोकसुद्धा शाली गुंडाळून बसायला लागले. बबनरावांची पेनड्राईव्ह खिशातच राहिली. ते स्वतः टाळ घेऊन उभे राहायचे आणि ठेका चुकवायचे. मामा त्यांना काही बोलायचे नाहीत.

महिन्याच्या शेवटी काल्याच्या कीर्तनाला टेंभुर्णीचे एक वयोवृद्ध महाराज आले. पहाटेच आल्यामुळे काकड्यालाही बसले. तो अभंग सुरू झाला तशी त्यांनी मान डोलवली, मग डोळे मिटले. संपल्यावर सगळ्या गावासमोर म्हणाले, "कुंडलिकराव, ही चाल कुठं मिळाली तुम्हाला? फार जुनी चाल आहे. लहानपणी आमच्या गुरूंच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटते. आता म्हणणारे राहिले नाहीत."

मामा खोटं बोलत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. खोटं बोलले असते तर काकडा वाचला असता, पण मामा मामा राहिले नसते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"महाराज, ही परंपरेची न्हाई," ते म्हणाले. "एका बाईची चाल हे. लई लांब राहती. तिच्याकडं झील धराया कोणी न्हाई, म्हणून आम्ही धरली."

महाराजांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "धन्य ती माउली," म्हणाले. "कोणत्या गावची?"

"सूनबाईला ठाव हे," मामांनी माझ्याकडे ढकललं. मी पदर तोंडात धरून जी बाहेर पळाले, ती चपलांच्या ढिगापाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्या हसण्यात थोडं रडूही होतं, कारण नवऱ्याच्या बदलीचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. उन्हाळ्यात आम्ही नाशिकला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी मला मंदिरात बोलावलं. कार्तिक केव्हाच संपला होता, पण वीस-पंचवीस माणसं टाळ घेऊन बसली होती. सासूबाई होत्या, बबनराव होते, दोघे म्हातारे होते. "मोबाईल काढ," मामा म्हणाले. "भरून घे." त्यांनी चौथ्या गाण्याची चाल काढली, या वेळी अभंगाशिवाय, नुसता आकार. सगळ्यांनी धरली. संपल्यावर मामा माझ्या मोबाईलजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "बाई, केदारखेड्यात झील उभी हे. आता एकटीनं म्हणू नको." आणि मला म्हणाले, "तिला पाठव."

मी पाठवलं. असे निरोप तिला रोज शेकड्यांनी येत असणार, आणि आमचा कोणी उघडला असेल असं मला वाटत नाही. आम्ही नाशिकला गेल्यावर मामांनी फोनवर विचारलं तेव्हा मी पाठवल्याचं सांगितलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. नवरा गाडीत शेजारी बसला होता. मामा फाट्यापर्यंत आले होते, हातात ती पिशवी. खिडकीशी वाकले. मी त्यांची भजनं लावायला हात पुढे केला. जाताना त्यांचं, असाच तह होता.

मामांनी माझा हात थांबवला. "जाताना माझं असतंय ना?"

"हो, मामा."

"मंग ती एकटी बाई लाव. आता ते बी माझंच हे."

गाणं लावलं. गाडी निघाली. आरशात मामा रस्त्याच्या कडेला उभे होते, चपला काढलेल्या, टाळ हातात. ते वाजवत होते, तोंडही हलत होतं, पण काचांमुळे आवाज आत येत नव्हता. तिची ओळ संपली आणि मागून तिचाच आवाज यायच्या आत मी ती धरली, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी आरशात बघत होते. वळण येईपर्यंत आम्ही दोघं बरोबर होतो.